'वेडा ठरला की सुटला' हे खरे आहे का?

"माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला असेल आणि त्याच्या हातून काही भलतेच घडले, तर कोर्ट त्याला सोडून देते ना?" उम्म अल कुवैनमधल्या आपल्या मंडळींनी हा प्रश्न मला अनेकदा विचारला आहे. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा घरातलेच कोणीतरी असते. मी वकील नाही. पण समुपदेशनाच्या कामामुळे या विषयाशी संबंध आला, म्हणून जेवढे ठाऊक आहे तेवढे येथे मांडते.

उत्तर 'नाही' असे आहे. नुसत्या आजाराच्या नावावर कोर्ट कोणाला सोडत नाही. ते दोन प्रश्न विचारते. पहिला आजचा : आरोपीला खटला समजतो का, स्वतःचा बचाव करता येतो का? येत नसेल तर खटला थांबतो, उपचार होतात आणि बरा झाल्यावर तो पुढे चालतो. दुसरा प्रश्न घटनेच्या वेळचा : आपण काय करतो आहोत, किंवा ते चुकीचे अथवा बेकायदा आहे, हे कळण्याची कुवतच मनोविकाराने नाहीशी झाली होती का?

भारतात हा दुसरा प्रश्न दंडसंहितेच्या कलम ८४ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. कुवत नव्हती हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते. आणि ते मान्य होऊन निर्दोष ठरला, तरी कोर्ट त्याला सुरक्षित देखरेखीखाली ठेवू शकते.

या प्रश्नांची उत्तरे शोधायला जे शास्त्र मदत करते, ते न्यायसहायक मानसशास्त्र. यातला तज्ज्ञ आरोपीशी अनेकदा बोलतो, जुने कागद पाहतो, घरच्यांना विचारतो आणि सोंग तर नाही ना, हेही तपासतो. एक फरक लक्षात ठेवावा : आपल्या डॉक्टरला सांगितलेले सहसा गुप्त राहते, पण कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञाला सांगितलेले अहवालात जाऊ शकते.

हे काम किती अवघड आहे ते मुंबईच्या रामन राघव खटल्यातून दिसते. १९६८ साली उपनगरांत झोपड्यांतून आणि फुटपाथवर झोपलेल्या माणसांचे खून पाडणारा हा इसम त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पकडला गेला. १९६९ मध्ये खटल्याच्या वेळी पोलीस सर्जनने त्याला काही आठवडे निरीक्षणाखाली ठेवून 'वेडा नाही' असे मत दिले. बचाव पक्षातर्फे आलेल्या नायर रुग्णालयाच्या मनोविकारतज्ज्ञाने मात्र त्याला जुना पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया असल्याचे सांगितले. सत्र न्यायालयाने फाशी दिली. ती कायम करण्यापूर्वी उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमले आणि त्यांनी पुन्हा पुन्हा भेटून त्याला तपासले. अखेर आजार बरा होण्यासारखा नाही म्हणून १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप झाली. तो येरवडा तुरुंगातच राहिला आणि १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात वारला. म्हणजे आजार मान्य झाला, फाशी टळली, पण सुटका झाली नाही.

आता आपण राहतो तिथले पाहू. उम्म अल कुवैनची न्यायालये संघराज्याच्या न्यायव्यवस्थेत येतात. २०२२ च्या जानेवारीपासून लागू असलेल्या दंडविषयक कायद्यानुसार, विकाराने जाणीव किंवा इच्छाशक्ती पूर्ण गेली असेल तर आरोपी जबाबदार धरला जात नाही. ती नुसती कमकुवत झाली असेल तर शिक्षा सौम्य होऊ शकते. आपल्या भारतीय कलमात ही मधली पायरी नाही. स्वतःहून दारू पिऊन शुद्ध हरपली, ही सबब मात्र दोन्हीकडे चालत नाही.

इथे वेळ फार थोडा मिळतो. अटकेनंतर पोलिसांना ४८ तासांत आरोपीला पब्लिक प्रॉसिक्यूशनकडे पाठवावे लागते. कामकाज अरबीत चालते. आजाराची माहिती याच टप्प्यावर पोचली नाही, तर पहिल्या जबाबात ती येतच नाही. म्हणून घरात कोणी उपचार घेत असेल तर :

१. निदान, औषधांच्या चिठ्ठ्या आणि दवाखान्यात दाखल झाल्याची तारखांसहित कागदपत्रे एका फायलीत ठेवा. घटनेच्या वेळची स्थिती सांगणारा हाच पुरावा असतो.

२. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या येथे नियंत्रित आहेत. भारतातून आणण्यापूर्वी येथील सरकारी परवानगी घ्या, चिठ्ठी जवळ ठेवा. नाहीतर औषधच गुन्हा ठरायचे.

३. अटक झाली तर वकिलाला आजाराबद्दल लगेच सांगा, दुभाषा मागा आणि दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवा. आपल्या भागाचे काम तेथूनच चालते.

४. 'लोक काय म्हणतील' म्हणून उपचार लपवू नका. जो आजार कागदावर कधी आलाच नाही, तो कोर्टात दाखवणे फार कठीण जाते.

सर्वांत मोलाची गोष्ट शेवटी सांगते. मनोविकार असलेली बहुसंख्य माणसे कधीच कोणाला इजा करत नाहीत. वेळेवर उपचार झाले, तर ही फाईल कोर्टात नेण्याची वेळच येत नाही.