पद्मिनी की अँबॅसडर?

जुन्या गाड्या हौसेने जतन करणारे दोघे भेटले की हा वाद ठरलेला. प्रीमियर पद्मिनी मुंबईत कुर्ल्याला बनत असे, मूळ गाडी इटलीची फियाट ११००. अँबॅसडर कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची, मूळची ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड; तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. वाद बहुधा अश्वशक्तीवर घातला जातो आणि तेथेच तो भरकटतो.

पद्मिनीच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिमी व पिस्टनची धाव ७५ मिमी. अँबॅसडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनात हेच आकडे ७३ व ८८.९ मिमी. विद्यार्थ्यांना चार सिलिंडरांचे घनफळ काढायला सांगावे. उत्तरे १०८९ व १४८९ घसेंमीच्या अगदी जवळ येतील. ताकद अनुक्रमे सुमारे ४० व ५० अश्वशक्ती, वजन सुमारे ९०० व ११०० किलो. चार माणसांचे ३०० किलो मिळवले, तर टनामागे ३३ आणि ३६ अश्वशक्ती पडते. एवढ्यासाठी भांडण्यात अर्थ नाही.

खरा फरक इंजिनाच्या हेडच्या धातूत आहे. पद्मिनीचे हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, तर अँबॅसडरचे बिडाचे.

मुंबईहून नाशिक रोडला येताना कसारा घाट चढावा लागतो. समजा दर १० मीटरला १ मीटर चढ आहे आणि भरलेली पद्मिनी ताशी ३० किमी वेगाने चालली आहे. निव्वळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध तिला १३ अश्वशक्ती खर्चावी लागेल. पेट्रोलच्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कामी येतो, बाकीची उष्णता होते. वेग कमी, म्हणून रेडिएटरला वाराही कमी. घाटात बॉनेट उघडून पाण्याचा डबा घेऊन उभा असलेला ड्रायव्हर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. ४० सेंमीची पट्टी ८० अंशांनी तापवली, तर ॲल्युमिनियमची ०.७ मिमीहून अधिक वाढेल, बिडाची ०.३५ मिमीच्या आसपास. खाली ब्लॉक बिडाचा आणि वर हेड ॲल्युमिनियमचे! इंजिन फार तापले की हेड वाकते, गॅस्केट जाते.

मग अँबॅसडर सरस? थांबा. ॲल्युमिनियम मऊ असल्याने त्याच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या, वेगळ्या बसवाव्याच लागतात. जुन्या अँबॅसडरमध्ये मात्र त्या हेडच्या बिडातच कोरलेल्या असतात. पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत. जळल्यावर त्याचा पातळ थर सीटवर बसे आणि तापलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आघातांपासून तिचे रक्षण करी. आरोग्याला घातक म्हणून शिसे काढले गेले, हे योग्यच झाले. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. पण ते संरक्षण गेल्यावर बिडाची सीट झिजते, व्हॉल्व्ह आत आत बसतो, टॅपेटची फट कमी होते आणि अखेर व्हॉल्व्ह पुरता मिटेनासा होऊन जळतो. रमतगमत चालवली तर झीज हळू होते, भरधाव पिटाळली तर झपाट्याने.

तेव्हा पद्मिनी घेणाऱ्याने हेड उतरवून त्यावर सरळ पोलादी पट्टी उभी धरावी आणि खालून उजेड दिसतो का ते पाहावे. अँबॅसडर घेणाऱ्याने टॅपेटची फट मोजावी, हजारेक किमी चालवून पुन्हा मोजावी. ती घटत असेल, तर हेड लेथवाल्याकडे देऊन कठीण सीट बसवून घ्याव्यात.