पाच मिनिटांचा डाव : ऑनलाइन कॅसिनोतील वेग आणि त्याचा हिशेब

ऑनलाइन जुगाराविषयी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांशी बोलू गेल्यास बहुधा एकच उत्तर मिळते : "सर, दहा रुपयांचा डाव, पाच मिनिटांचा खेळ. चहापाण्याला तेवढे जातातच." हे उत्तर उडवून लावण्यासारखे नाही. जुगार वाईट, हे या मुलाला घरात, मशिदीत, शाळेत अनेकदा सांगून झालेले असते आणि ते त्याला मान्यही असते. त्याचे म्हणणे एवढेच की रक्कम लहान आणि वेळ थोडा असल्यामुळे आपण करतो तो त्या अर्थाने जुगारच नव्हे. प्रस्तुत लेखात यांपैकी वेळेच्या मुद्द्याचा विचार करावयाचा आहे. डाव जितका लहान आणि जलद, तितके नुकसान अधिक होते व तितकेच ते कमी दिसते, हे येथे दाखवायचे आहे. त्यासाठी लागणारे गणित टक्केवारी व साध्या संभाव्यतेपलीकडे जात नाही.

१. निकालाची गती

अरबीतील 'मैसिर' हा शब्द कोशकार बहुधा 'युस्र' म्हणजे सुलभता या अर्थाच्या धातूशी जोडतात. कष्टावाचून सहज मिळते ते मैसिर. सूरह अल्-बकरा (२:२१९) आणि सूरह अल्-माइदा (५:९०) येथे हा शब्द मद्यासोबत येतो, हे वाचकांस ठाऊक आहेच. इस्लामपूर्व अरबस्तानात ज्या खेळाला हे नाव होते त्यात उंट कापून मांसाचे वाटे करीत आणि ते कोणाला जाणार हे बाणांनी ठरवीत. बाण दहा, सातांना वाटा, तीन कोरे. म्हणजे एका डावाला एक उंट लागे. खेळाच्या गतीला तेथेच लगाम होता.

मुंबईत १९६० च्या दशकात फोफावलेला आकड्याचा जुगार आरंभी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व बंद भावांवर चाले. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तेथूनच आले. तो आधार सुटल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या व पुढे पत्ते काढण्याची रीत आली आणि 'मटका' हे नाव रूढ झाले. मटक्याने असंख्य घरे बसविली; पण त्याचे निकाल दिवसातून दोनच. ओपन आणि क्लोज यांच्यामध्ये माणूस कामावर जाई, जेवी, घरच्यांचे चार शब्द ऐकून घेई.

कॅसिनोतील रूलेटच्या टेबलावर चाक फिरणे, गोळी थांबणे, पैसे वाटणे आणि नवी बाजी लागणे यांत साधारण दीड-दोन मिनिटे जातात. शिवाय तेथवर जावे लागते. पणजीला मांडवीतील जहाजावर चढायचे तर प्रवास, प्रवेशशुल्क आणि एक संध्याकाळ खर्ची पडते.

मोबाइलवरील कॅसिनोत यांतला एकही अडथळा उरत नाही. स्लॉटचा एक फेरा काही सेकंदांत संपतो. भारतात २०१६ पासून यूपीआय आल्यावर खात्यातून पैसे पाठविणेही तितकेच झटपट झाले. बसथांब्यावर, दोन तासिकांच्या मध्ये, अंथरुणात पडल्या पडल्या खेळता यावे अशीच या खेळांची रचना आहे.

२. टक्का लहान, उलाढाल मोठी

नशिबाच्या प्रत्येक व्यावसायिक खेळात चालविणाऱ्याचा हिस्सा आधीच ठरलेला असतो. मटक्यात दहापैकी एका आकड्यावर रुपया लावला आणि तो आला तर नऊ रुपये, असा सर्वसाधारण रिवाज. दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा जातात, नऊ येतात. चालविणाऱ्याचा हिस्सा १० टक्के. युरोपीय रूलेटच्या चाकावर ३७ घरे असतात, पण एका घरावर एकास पस्तीस असाच भाव मिळतो. हिस्सा सुमारे २.७ टक्के. अनेक ऑनलाइन स्लॉटमध्ये जाहीर परतावा ९६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे हिस्सा ४ टक्के.

'परतावा ९६ टक्के' हे वाचून विद्यार्थ्याला वाटते की शंभर रुपये घेऊन बसलो तर वाईटात वाईट चार रुपये जातील. गोंधळ नेमका येथे होतो. हा टक्का खिशातील रकमेवर लागत नाही, प्रत्येक बाजीवर नव्याने लागतो. जिंकलेले पैसे पुन्हा लावले की त्यांच्यावरही लागतो.

प्रत्येक वेळी दहा रुपये लावले असे धरून सरासरी काढू :

मटका : दिवसाला दोन बाज्या, उलाढाल २० रुपये, तोटा दिवसाला २ रुपये.

रूलेटचे टेबल : तासाला ३५ फेऱ्या धरल्यास उलाढाल ३५० रुपये, तोटा तासाला सुमारे साडेनऊ रुपये.

ऑनलाइन स्लॉट : पाच सेकंदांना एक फेरा, म्हणजे तासाला ७२० फेरे, उलाढाल ७,२०० रुपये, तोटा तासाला २८८ रुपये.

मटक्याचा हिस्सा स्लॉटच्या अडीचपट आहे. तरीही स्लॉटवरील एका तासाचा सरासरी तोटा मटक्याच्या १४४ दिवसांच्या तोट्याइतका होतो. टक्का कमी करून वेग वाढविला की खेळ उदार भासतो आणि वसुली वाढते.

आता 'पाच मिनिटे' घेऊ. पाच मिनिटांत ६० फेरे, उलाढाल ६०० रुपये, सरासरी तोटा २४ रुपये. दिवसात अशा दहा बैठका झाल्या तर एकूण वेळ तासाहूनही कमी. तोटा २४० रुपये. महिन्याला ७,२०० रुपये. खेळणाऱ्याने कधीही दहा रुपयांहून मोठी बाजी लावलेली नसते आणि कोणतीही बैठक पाच मिनिटांहून मोठी नसते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाच्या शिष्यवृत्तीचे, मेसचे किंवा परीक्षा शुल्काचे पैसे असे वाटेत विरतात, आणि कुठे गेले हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही.

हे आकडे सरासरीचे आहेत. एखाद्या दिवशी कोणी जिंकतोही. पण फेऱ्यांची संख्या वाढत जाते तसा प्रत्यक्ष निकाल सरासरीजवळ सरकतो, हा संभाव्यतेचा नियम आहे. थोड्या फेऱ्यांत नशिबाला वाव असतो. वेगवान खेळ तो वाव काही दिवसांतच संपवितो.

३. दुप्पट करण्याची युक्ती

अलीकडे तरुणांत बोलबाला आहे तो 'क्रॅश' प्रकारच्या खेळांचा. स्प्राइब या कंपनीने २०१९ साली आणलेला 'एव्हिएटर' हा त्यांतील सर्वांत परिचित. पडद्यावर विमान वर चढते, त्याबरोबर एक पट वाढत जाते : सव्वापट, दीडपट, दुप्पट. विमान उडून जाण्याआधी 'कॅश आउट' केले तर त्या क्षणीची पट मिळते. उशीर झाला तर बाजी गेली. बटण आपल्या हाती असल्यामुळे हे कौशल्याचे काम आहे असा भास होतो. वास्तविक विमान केव्हा जाणार हे खेळणाऱ्याच्या हाती मुळीच नसते. जाहीर परतावा ९७ टक्के आहे. त्या हिशेबाने विमान दुपटीपर्यंत पोचण्याची शक्यता ९७ भागिले २, म्हणजे ४८.५ टक्के, दहापटीपर्यंत पोचण्याची ९.७ टक्के. कोठेही थांबले तरी सरासरी तोटा तोच, शेकडा तीन.

मग मुले एकमेकांना युक्ती सांगतात : दुपटीवर थांबायचे, हरलो तर पुढची बाजी दुप्पट करायची, जिंकलो की मागचे सारे भरून निघून दहा रुपये नफा. दहा, वीस, चाळीस, ऐंशी असे जात आठव्या बाजीला १,२८० रुपये लावावे लागतात. आठही हरल्या तर एकूण २,५५० रुपये जातात. सलग आठ हरण्याची शक्यता दर नव्या मालिकेमागे सुमारे २०२ मध्ये एक. हे क्वचितच घडेल असे वाटते, आणि युक्तीची सारी भिस्त या वाटण्यावर आहे.

गणिताने पाहता अशी मालिका येण्यास सरासरी सुमारे ४१५ फेऱ्या लागतात. दिवसाला दोनच निकाल असते तर त्याला जवळजवळ सात महिने लागले असते. वीस सेकंदांना एक फेरी धरली तर अडीच तासांच्या आतच त्या पुऱ्या होतात. पाच मिनिटांच्या बैठकांत मोजल्यास अठ्ठावीस बैठका. तोवर दहा-दहा रुपयांनी सरासरी सुमारे २,०१० रुपये जमलेले असतात, आणि एकाच झटक्यात २,५५० जातात. मधल्या काळात मुलगा मित्रांना सांगत असतो की युक्ती लागू पडते आहे. त्याच्या अनुभवापुरते ते खोटेही नसते; म्हणूनच ती युक्ती पसरते.

४. मन का गुंतते

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेले प्रयोग शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. किती चोची मारल्यावर दाणा मिळेल हे अनिश्चित ठेवले तर पक्षी सर्वाधिक चिकाटीने चोच मारीत राहतो आणि दाणे बंद झाल्यावरही ती सवय सावकाश सुटते. फर्स्टर व स्किनर यांनी १९५७ च्या ग्रंथात या वेळापत्रकांची तपशीलवार मांडणी केली. स्लॉट नेमका याच तत्त्वावर चालतो.

त्याला आणखी दोन गोष्टींची जोड मिळते. एक, थोडक्यात हुकल्याचा भास : तीनपैकी दोन चित्रे जुळतात, तिसरे एका घराने चुकते. हिशेबात ही साधी हार असते, मनाला मात्र ती जिंकण्याच्या जवळ आल्याची खूण वाटते. दुसरी, जीत म्हणून साजरी होणारी हार : दहा रुपये लावले, चार परत आले, तरी घंटा वाजते, दिवे लुकलुकतात. सहा रुपये गेले हे त्या गजरात ऐकू येत नाही.

नताशा डाऊ शुल यांनी लास व्हेगासमधील यंत्रजुगारावर दीर्घकाळ अभ्यास करून 'अ‍ॅडिक्शन बाय डिझाइन' हा ग्रंथ २०१२ साली प्रसिद्ध केला. त्यातील खेळणारे एका तंद्रीविषयी बोलतात. त्या अवस्थेत वेळ, पैसा, आजूबाजूची माणसे यांचे भान सुटते आणि जिंकण्यापेक्षा खेळत राहणे हाच हेतू उरतो. विचार करावयास दोन निकालांच्या मधली फट लागते. मटक्यात ती काही तासांची होती. येथे ती बुजविलेली आहे.

५. कायद्याने काय ओळखले

वेग हाच धोक्याचा भाग आहे, हे काही देशांच्या नियमांत स्पष्ट दिसते. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाइन स्लॉटचा फेरा अडीच सेकंदांहून जलद असता कामा नये असे बंधन आले. आपोआप फिरत राहण्याची सोय आणि तोट्याला जीत म्हणून साजरे करणे यांवर बंदी आली. जानेवारी २०२५ पासून तेथे इतर ऑनलाइन कॅसिनो खेळांसाठी किमान पाच सेकंद ठरले. जर्मनीत २०२१ च्या राज्यकरारानुसार स्लॉटचा फेरा किमान पाच सेकंदांचा, बाजी जास्तीत जास्त एक युरोची आणि तासाभराच्या खेळानंतर पाच मिनिटांची सक्तीची विश्रांती आहे.

आपल्याकडील वाद बराच काळ 'कौशल्य की नशीब' याभोवती फिरला. सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला आणि पुढील अनेक कंपन्यांनी त्याचाच आधार घेतला. तेलंगणाने २०१७ मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. कर्नाटकाने २०२१ मध्ये केलेल्या दुरुस्तीतील तशा तरतुदी उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केल्या. अखेर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा मंजूर केला. राष्ट्रपतींची संमती २२ ऑगस्ट रोजी मिळाली. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ पुरविणे, त्यांची जाहिरात करणे व त्यांसाठी पैशाचे व्यवहार हाताळणे यांस हा कायदा मनाई करतो. यात केवळ खेळणाऱ्यासाठी शिक्षेची तरतूद नाही. राज्यांचे जुगारविरोधी कायदे मात्र वेगळे आहेत. परदेशातून चालणारी संकेतस्थळे पत्ते बदलून पुन्हा उगवतात, तेव्हा केवळ कायद्यावर विसंबून चालणार नाही.

६. शिक्षकांसाठी काही सूचना

पहिली सूचना प्रश्नाविषयी. 'किती पैसे लावतोस' असे विचारले की 'दहा रुपये' हे उत्तर येते आणि बोलणे संपते. 'पाच मिनिटांत किती डाव होतात' असे विचारावे आणि पुढचा गुणाकार विद्यार्थ्यालाच करू द्यावा. बँकेच्या उताऱ्यातील महिन्याभराच्या लहान लहान नोंदींची बेरीज त्याने स्वतः केली तर उपदेशाची गरज फारशी उरत नाही.

दुसरी, वर्गात करता येण्याजोगा प्रयोग. डब्यात ३७ चिठ्ठ्या ठेवाव्यात, त्यांपैकी १८ वर 'जीत' लिहावे. प्रत्येकाला पन्नास चिंचोके द्यावेत. चिठ्ठी काढायची, जीत आली तर एक चिंचोका मिळवायचा, नाही तर एक द्यायचा, चिठ्ठी परत टाकायची. अर्ध्या वर्गाने मिनिटाला एक चिठ्ठी काढावी, उरलेल्यांनी जमेल तितक्या वेगाने. अर्ध्या तासानंतर दोन्ही गटांची एकूण बेरीज फळ्यावर मांडावी. एका दिवशी नशिबाने निकाल उलटाही येऊ शकतो. म्हणून तीन-चार वर्गांचे आकडे एकत्र करावेत. पैसे कोठेही वापरू नयेत.

तिसरी, लक्षणांविषयी. वर्गात वारंवार बाहेर जाणे, मित्रांकडून लहान रकमा उसन्या घेणे, कर्ज देणाऱ्या अ‍ॅपचे फोन येणे, शुल्काच्या तारखा चुकविणे यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर एकांतात विचारपूस करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात जुगाराचे व्यसन हा विकार म्हणून नोंदलेला आहे. तेव्हा चारचौघांत नाव घेऊन लाजविण्याने मुलगा बोलायचा थांबतो, खेळायचा थांबत नाही. शासनाची 'टेलिमानस' ही मानसिक आरोग्याची विनाशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. पैशाची फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

घरी कळवावयाचे ते विद्यार्थ्याला सोबत घेऊन, आणि एकूण रक्कम आधी कागदावर मांडून. अर्धवट सांगितलेला आकडा पुढच्या कर्जाचे कारण होतो. उरलेला आकडा भरून काढण्यासाठी मुलगा पुन्हा त्याच पडद्याकडे वळतो.