मँचेस्टरला नडलेला माग

पहिलं अफू युद्ध संपवणाऱ्या नानजिंगच्या तहावर ऑगस्ट १८४२ मध्ये सह्या झाल्या आणि कँटन, अमॉय, फूचौ, निंगपो व शांघाय ही पाच बंदरं इंग्रज व्यापाऱ्यांना खुली झाली. हाँगकाँग बेट ब्रिटिशांकडे गेलं, कँटनच्या मोजक्या सरकारमान्य व्यापाऱ्यांची मक्तेदारी संपली, आणि पुढच्याच वर्षी आयात मालावरची जकात साधारण पाच टक्क्यांवर बांधून घेण्यात आली. लँकेशायरच्या गिरणीमालकांना यातून एकच आकडा दिसला, तो म्हणजे चीनची चाळीस कोटी माणसं. तह घडवून आणणारे सर हेन्री पॉटिंजर यांच्या नावावर त्या काळी एक विधान सांगितलं जाई: लँकेशायरच्या सगळ्या गिरण्या एकवटल्या तरी चीनच्या एका प्रांताच्या मोज्यांपुरतंही कापड त्यांच्याने पुरवून होणार नाही. या भरवशावर जहाजं भरली गेली. ‘टाइम्स’चा बातमीदार जॉर्ज विनग्रोव्ह कुक १८५७-५८ मध्ये चीनमध्ये होता. त्याने लिहून ठेवलं आहे की शेफिल्डहून जेवणाच्या सुऱ्या-काट्यांचा आणि लंडनहून पियानोंचा मोठा माल या बाजारात येऊन पडला होता. चॉपस्टिकने जेवणाऱ्या देशात त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही.

पियानोंची गोष्ट या विषयावरच्या बहुतेक पुस्तकांत सापडते, पण तिला फार महत्त्व देऊ नये असं मला वाटतं. तो थोड्या व्यापाऱ्यांचा अविचार होता. खरा प्रश्न कापडाचा आहे. कापड चिनी माणसालाही लागत होतं, इंग्लंडचं कापड जगात सर्वांत स्वस्त समजलं जात होतं, आणि भारतात त्याने विणकरांचे माग बंद पाडले होते. तरीही १८५० अखेर चीनला जाणारा ब्रिटिश कारखान्यांचा माल १८४४ पेक्षा सुमारे साडेसात लाख पौंडांनी कमी भरला. त्या वर्षी ब्रिटनची एकूण निर्यात सात कोटी पौंडांच्या घरात होती आणि चीनचा त्यातला वाटा जेमतेम दोन टक्के. युद्ध जिंकून, बंदरं उघडून, जकात मनासारखी ठरवून घेऊनही आठ वर्षांनी व्यापार मागे गेला होता.

याचं कारण १८५२ च्या मार्चमध्येच एका दुय्यम अधिकाऱ्याने लिहून दिलं होतं. डब्ल्यू. एच. मिचेल हा हाँगकाँगमधला साहाय्यक मॅजिस्ट्रेट. गव्हर्नर सर जॉर्ज बॉनहॅम यांना त्याने अहवाल सादर केला, तो लंडनला पोचला आणि तिथे दप्तरात पडून राहिला. चीनमधला ब्रिटनचा खास वकील लॉर्ड एल्गिन याने १८५८ मध्ये तो पुन्हा सरकारपुढे ठेवला, तेव्हा दुसरं अफू युद्ध सुरू होऊन दोन वर्षं होत आली होती. मिचेल अर्थशास्त्री नव्हता. बाजारात उभं राहून कोण काय नेसतं आणि ते किती दिवस टिकतं एवढंच त्याने पाहिलं. राबणाऱ्या चिनी माणसाला नवा अंगरखा घ्यायचा तर तो किमान तीन वर्षं, आणि तेही सगळ्यांत रांगड्या कामात, टिकलाच पाहिजे. नाहीतर तो त्याला परवडत नाही. अशा कपड्यात, मिचेलच्या हिशोबाने, इंग्लंडहून येणाऱ्या सर्वांत जाड मालाच्या तिपटीने कापूस असावा लागतो. लँकेशायरचा मांजरपाट वारभर भावाने स्वस्त होता, पण वर्षांच्या हिशोबाने महाग पडत होता. कार्ल मार्क्सने १८५९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’मध्ये या अहवालातले उतारेच्या उतारे दिले, यावरून त्याचं मोल त्याच काळात कुणाला तरी कळलं होतं एवढं नक्की.

ते जाड कापड कुठून येत होतं? शेतकऱ्याच्याच घरातून. चीनमध्ये कापसाचं काम नवं नव्हतं. यांगत्सेच्या मुखाजवळचा सोंगजियांग परगणा, म्हणजे पुढे जिथे शांघाय वाढलं तो मुलूख, तेराव्या शतकाच्या अखेरीपासून त्यासाठी प्रसिद्ध होता. हुआंग दाओपो नावाच्या बाईने हैनान बेटावरून पिंजण्या-कातण्याची आणि विणण्याची सुधारित रीत तिथे आणली अशी परंपरा आहे. या घरचा माग दिसायला साधा. लाकडी चौकट, पायाखाली पावड्या, आणि हाताने या बाजूकडून त्या बाजूला फेकायचा धोटा. धोटा हातानेच फेकायचा आणि हातानेच झेलायचा असल्यामुळे कापडाचा पन्हा फूटभराच्या आसपास राही. असा माग सुताराकडून करून घेता येई, घराच्या कोपऱ्यात मावे आणि मोडला तर घरीच दुरुस्त होई. पीक घरात आलं की पोरंसोरं, म्हातारे, बाया सगळे पिंजायला, कातायला आणि विणायला बसत. घरापुरतं कापड ठेवून उरलेलं जवळच्या गावच्या दुकानदाराला विकत. फावल्या महिन्यांतल्या या मेहनतीला मजुरी अशी नव्हतीच. कातणाऱ्या बाईची दिवसभराची कमाई तिच्या स्वतःच्या पोटालाही पुरत नसे, पण ती एरवीही घरात जेवणारच होती, त्यामुळे मिळालं ते सगळं वरकड. गिरणीमालकाला मजुराचं पोट भरावंच लागतं. या मागाच्या मालकाला तो खर्चच नव्हता. मँचेस्टरची वाफ कितीही जोराची असली तरी शून्याच्या खाली भाव उतरवणं तिला शक्य नव्हतं.

फूजियान प्रांताचं जे वर्णन मिचेलने केलं ते तर याहून बोलकं आहे. त्या डोंगराळ प्रांतात कापूस फारसा होत नाही. तिथला शेतकरी ऊस लावी, वसंतात साखर जवळच्या बंदरातल्या व्यापाऱ्याला देई, व्यापारी ती उन्हाळ्यात गलबतातून तियानजिन किंवा उत्तरेच्या दुसऱ्या बंदरात नेई आणि मोबदल्यात काही पैसा व काही उत्तरेचा कापूस आणून देई. त्या कापसाचं कापड पुन्हा शेतकऱ्याच्याच घरी होई. म्हणजे हजारो मैलांचा किनारी व्यापार आणि घरातला माग एकाच हिशोबात बांधलेले होते. लंडनमध्ये ‘बंद’ चीनचं कुलूप उघडायची भाषा चालली होती, पण या देशात माल फिरत होताच आणि व्यापारीही कसलेले होते. परदेशी कापडाला नव्याने जागा करून द्यावी अशी गरज मात्र त्या साखळीत कुठेच नव्हती.

यावर त्या काळीच आक्षेप घेतले गेले आणि ते वजनदार आहेत. पहिला अफूचा. १८४७ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीनेच म्हटलं की चीनमध्ये मालाला मागणी नाही असं नाही. अफूची किंमत चुकवण्यात चांदी निघून जाते, आणि बाकी मालाची किंमत चहा-रेशमानेच फेडावी लागते. ती अफू बंगालमधून आणि माळव्यातून येई. माळव्याची अफू मुंबईच्या धक्क्यावरून जाई, आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्यांच्या श्रीमंतीत तिचा मोठा वाटा होता. मुंबईची रुग्णालयं, शाळा आणि धर्मशाळा ज्या पैशातून उभ्या राहिल्या त्यातला काही पैसा चिनी माणसाच्या व्यसनातून आला, हे मुंबईचा इतिहास लिहिताना झाकून ठेवता येत नाही. पण आक्षेप म्हणून हे अर्धंच खरं आहे. चांदी घरात राहिली असती तर शेतकऱ्याकडे चार पैसे जास्त आले असते. तीन वर्षं टिकणारा अंगरखा सोडून वर्षभरात विरणारा घ्यायला तो त्यामुळे तयार झाला असता असं मानायला काही आधार दिसत नाही.

दुसरा आक्षेप शांघायच्या व्यापाऱ्यांचा लाडका होता: नाक्यानाक्यावरचा लिकिन कर. ताइपिंग बंडाशी लढायला पैसा हवा म्हणून १८५३ मध्ये तो सुरू झाला. आणखी बंदरं, आतल्या मुलखात मोकळीक आणि एकदाच भरायचा अडीच टक्क्यांचा कर मिळाला की कापड खपेल, असं ते सांगत राहिले. १८५८ च्या तियानजिनच्या तहाने आणि १८६० च्या पेकिंगच्या कराराने यातलं बहुतेक मिळालं. त्यानंतर इंग्लिश कापडाची आयात वाढली हे मान्य केलं पाहिजे, आणि मिचेल चुकला असं म्हणणाऱ्यांचा सगळा भर यावरच असतो. पण ते कापड कोण घेत होतं? शहरातली माणसं, आणि अस्तरासाठी वापरणारे. जाडी भासावी म्हणून लँकेशायरवाले कापडाला खळ आणि चिनी माती चोपडू लागले. १८७० च्या दशकात असा माल शांघायला पोचेपर्यंत बुरसल्याच्या तक्रारी येत होत्या. थंड उत्तर चीनमध्ये अमेरिकेचं जाड ड्रिल मँचेस्टरच्या मालाला भारी पडलं, तेही जाडीमुळेच. कर सगळ्या कापडांना सारखाच होता. फरक पोतात होता.

निर्णायक पुरावा मुंबईने पुरवला. घरच्या मागाला नेमकं काय हवं होतं ते वेळेच्या हिशोबातून कळतं. सोंगजियांगच्या अभ्यासकांच्या मते एका ठाणाला साधारण सात दिवसांचं काम लागे. त्यातले चार दिवस सूत कातण्यात, दोन पिंजणं-खळ देणं अशा कामांत, आणि विणायला फक्त एक. अडचण मागाची नव्हती, चरख्याची होती. जाडंभरडं, घट्ट, स्वस्त सूत मिळालं तर शेतकऱ्याचा माग थांबण्याऐवजी जास्तच चालणार होता. कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली सूतगिरणी १८५४ मध्ये स्थापन केली. आखूड धाग्याच्या देशी कापसाचं दहा-वीस नंबरी सूत मुंबईच्या गिरण्यांना उत्तम जमे, आणि १८७० नंतर ते चीनला जाऊ लागलं. रत्नागिरी-साताऱ्याहून मुंबईला आलेल्या कामगारांनी परळ-भायखळ्याच्या गिरण्यांत काढलेलं सूत यांगत्सेच्या काठच्या खेड्यांत विणलं जात होतं. त्यामुळे मँचेस्टरच्या व्यापारी मंडळाला १८८८ मध्ये मुंबई आणि लँकेशायर यांच्या सूतगिरण्यांची खास चौकशी करावी लागली. १८९६-९७ मध्ये ब्लॅकबर्नच्या व्यापारी मंडळाने चीनमध्ये शिष्टमंडळ पाठवलं, तर त्यांना पार सिचुआनमध्ये भारतीय सुताचं हातविणीचं कापड दिसलं. यांगत्सेच्या घळींतून ओढत नेलेलं, वाटेत कर भरलेलं सूत तिथे खपत होतं. कर, अंतर, गरिबी ही कापड न खपण्याची खरी कारणं असती तर सूतही खपलं नसतं.

मुंबईच्या गिरणीवाल्यांचं कौतुक करताना त्यांच्या यशाचा पाया किती अरुंद होता हेही पाहायला हवं. त्यांनी एकच माल आणि एकच मोठं गिऱ्हाईक धरलं. १८९३ मध्ये भारत सरकारने चांदीच्या नाण्यांसाठी टांकसाळी बंद केल्या. चीनचा व्यवहार चांदीतच चालू राहिला आणि रुपया आणि चीनचं चांदीचं टेल यांच्यातला भाव मुंबईच्या विरोधात गेला. त्याच सुमारास जमशेटजी टाटांनी पी अँड ओ जहाज कंपनीच्या भारी भाड्याला तोंड द्यायला जपानी निप्पॉन युसेन कंपनीच्या मदतीने स्वतःची जहाजं सुरू केली. पी अँड ओने भाडं पाडलं आणि टाटांचा प्रयत्न बुडाला. १८९६ मध्ये प्लेग आला आणि कामगारांच्या झुंडी कोकणात परतल्या. त्याच्या आदल्या वर्षी चीन-जपान यांच्यातल्या शिमोनोसेकीच्या तहाने परदेशी लोकांना चिनी बंदरांत कारखाने काढायची मुभा दिली होती, आणि जार्डिन मॅथेसनसारख्या जुन्या अफू-चहावाल्या पेढीनेही शांघायमध्ये सूतगिरणी घातली. जपानी सूत जवळून, नेमाने आणि एकसारख्या दर्जाचं येऊ लागलं. मुंबईच्या मालाबद्दल नंबर आणि वजन यांत खोट असल्याची कुरकुर होती. मोठं गिऱ्हाईक आपलंच राहील या समजुतीने तिच्याकडे दुर्लक्ष झालं, असं माझं मत आहे. मँचेस्टरने गिऱ्हाईक नीट पाहिलं नव्हतं. मुंबईने पाहिलं, पण त्याच्यावरची नजर टिकवली नाही.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास चीनच्या बाजारात जपानी सुताने भारतीय सुताला मागे टाकलं. शेतकऱ्याच्या घरातला माग मात्र बदलत बदलत तगला. जुन्या लाकडी मागाची जागा हेबेई प्रांतातल्या गाओयांगसारख्या भागांत पायाने चालवायच्या लोखंडी दात्यांच्या मागाने घेतली, पन्हा रुंदावला, सूत गिरणीचं आलं. आणि १९३० च्या दशकातही चीनमधल्या सुती कापडाचा मोठा हिस्सा खेड्यांतल्या घरीच विणला जात होता.