खडूसारखी मोडणारी अळंबी

पावसाळ्यात जळोचीच्या एखाद्या बांधावर उगवलेलं भूछत्र उपटून त्याचा देठ वाकवला, तर तो बहुधा उभ्या धाग्यांनी सोलत फाटतो. सह्याद्रीच्या ओल्या जंगलात किंवा मध्य भारतातल्या सालवनात मिळणाऱ्या ‘रसुला’चा देठ मात्र खडूसारखा कट्कन मोडतो. इतर अळंब्यांचा गर लांब तंतूंचा असतो. रसुलाच्या कुळात त्या तंतूंमध्ये गोल, फुगीर पेशींचे पुंजके असतात, म्हणून ही ठिसूळता. कूळ मोठं आहे, सुमारे दोन हजार जातींचं. लाल, जांभळ्या, हिरवट, पांढऱ्याफेक टोप्या. त्यातली ‘लॅक्टेरियस’ मोडली की चक्क चीक गळतो.

ही मंडळी झाडांच्या मुळांशी भागीदारी करून जगतात. झाडाकडून साखर घ्यायची, बदल्यात पाणी आणि खनिजं पुरवायची. ऊस आणि बाभूळ यांची सोयरीक वेगळ्याच बुरशांशी असते. त्यामुळे बारामती-इंदापूरच्या रानात रसुला शोधण्यात अर्थ नाही. इथे दिसते ती वारुळावरची अळंबी, नाहीतर हिरवळीवरची पांढरी, मोठी ‘क्लोरोफायलम’. ही दुसरी दिसायला देखणी, पण खाल्ल्यावर दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब.

खाण्याजोगी कोणती, हे ठरवण्याचे घरगुती नियम पुष्कळ आहेत. चांदीचं नाणं काळं पडतं का, किड्यांनी कुरतडली आहे का. सगळे बिनकामाचे. युरोपात रसुलाचा कण चाखून थुंकतात. तिखट नसेल तर खातात. तो नियम तिकडच्या ओळखीच्या जातींपुरताच. पूर्व आशियातल्या ‘रसुला सबनिग्रिकन्स’ने जपानमध्ये माणसं दगावली आहेत. तिच्या विषाने स्नायू विरघळू लागतात, अंग दुखतं, लघवी काळपट होते. हे विष नेमकं कोणतं, ते जपानी शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये शोधलं.

आपल्याकडे 1980 साली पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने (आताची आघारकर संशोधन संस्था) नैऋत्य भारतातल्या अळंब्यांवर ग्रंथ काढला. पण ग्रंथातलं चित्र पाहून भाजी करू नये. अभ्यासकालाही कित्येकदा बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात.

रानची अळंबी खाऊन त्रास झालाच, तर उरलेली अळंबी कागदात गुंडाळून सोबत घ्या आणि थेट रुग्णालय गाठा. उलट्या सहा तासांनंतर सुरू झाल्या तर धोका जास्त. यकृत निकामी करणारी ‘अमानिटा’ अशीच उशिरा बोलते, आणि मध्ये एखादा दिवस रुग्णाला बरंही वाटतं.