वाहन चालवण्याच्या शिक्षणाची पूर्वतयारी

वाहन चालवण्याच्या शिक्षणाची पूर्वतयारी म्हणजे स्टिअरिंग हाती घेण्यापूर्वी आणि शिकाऊ अनुज्ञप्तीच्या काळात वय, दृष्टी, कागदपत्रे, शिक्षक, जागा व वेळ यांचे केलेले नियोजन होय. भारतात हा विषय मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या कक्षेत येतो. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील येलदरी हे पूर्णा नदीवरील धरणासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. अशा गावी या नियोजनाला विशेष महत्त्व येते. तेथील अनुज्ञप्तीचे काम परभणीच्या परिवहन कार्यालयाकडे (वाहनक्रमांकाची खूण ‘एमएच २२’) असून एक कागद विसरला तरी उमेदवाराचा व त्याच्यासोबत आलेल्याचा अख्खा दिवस वाया जातो. परिवहन कार्यालये तालुक्यांच्या ठिकाणीही ठरावीक दिवशी शिबिरे घेतात. त्यांची चौकशी आधी केलेली बरी.

वयाची अट

मोटारगाडी व सर्वसाधारण दुचाकी यांसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात, तर व्यावसायिक वाहतुकीच्या वाहनांसाठी २०. सोळाव्या वर्षी मिळणारी मुभा ५० घनसेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीपुरती आहे. ‘गिअर नाही, म्हणजे सोळाव्या वर्षी चालते’ हा समज सर्रास आढळतो, पण तो चुकीचा आहे. आजच्या बहुतेक पेट्रोल स्कूटरांची इंजिने याच्या दुपटीहून मोठी असतात.

ट्रॅक्टरबाबतचा गैरसमज याहून जुना आहे. शेतकरी कुटुंबातील मुले शिवारात लवकर ट्रॅक्टर शिकतात आणि एके दिवशी तोच ट्रॅक्टर सडकेवर आणतात. बिनओझ्याचे वजन ७,५०० किलोपर्यंत असलेला ट्रॅक्टर कायद्याने हलक्या मोटार वाहनांत मोडतो. त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर तो चालवण्यास अनुज्ञप्ती लागतेच. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक वा वाहनमालकास ३ वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास २५ वर्षांचा होईपर्यंत अनुज्ञप्ती मिळत नाही. अपघातात कोणी दगावले, तर विमा कंपनी दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते. एवढ्या रकमेपायी कोरडवाहू शेतकऱ्याची जमीन जाऊ शकते.

शिकाऊ अनुज्ञप्ती

बोलीत जिला ‘लर्निंग लायसन्स’ म्हणतात, तिच्यासाठी ‘सारथी’ या संकेतस्थळावर अर्ज केला जातो. वय व पत्ता यांचे पुरावे लागतात; चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचे प्रमाणपत्रही. आरोग्याच्या स्वयंघोषणेत, चांगल्या उजेडात २५ मीटरांवरून वाहनाची क्रमांकपाटी वाचता येते का, असा प्रश्न असतो. तेथे नुसते ‘होय’ न लिहिता अंतर मोजून घरीच पाहावे आणि चष्मा लागत असल्यास तो आधी करून घ्यावा. रस्त्याची चिन्हे व नियम यांवरील संगणकीय परीक्षेत किमान ६० टक्के उत्तरे बरोबर असावी लागतात. आधार पडताळणीच्या आधारे ही परीक्षा घरूनही देता येते. या सोयीमुळे चेहरा एकाचा आणि उत्तरे दुसऱ्याची असाही प्रकार घडू शकतो. त्यात चिन्हे न ओळखताच उमेदवार रस्त्यावर येतो.

सरावाचे दिवस

शिकाऊ अनुज्ञप्ती ६ महिने वैध असते आणि ती मिळाल्यापासून ३० दिवस उलटल्याशिवाय पक्क्या अनुज्ञप्तीची चाचणी देता येत नाही. हे ३० दिवस अनेक जण प्रतीक्षेचा काळ मानतात. वास्तविक शिक्षणाचा काळ तोच आहे. वाहनावर पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे ‘एल’ अक्षर हवे. शेजारी अनुज्ञप्तीधारक शिक्षक हवा, तोही वाहन थांबवू शकेल अशा ठिकाणी बसलेला. दुचाकी शिकताना मित्राला मागे बसवता येत नाही.

पहिले काही दिवस गावाबाहेरच्या मोकळ्या, सपाट जागी क्लच, ब्रेक व आरसे यांचा सराव करावा. धरणाचा परिसर पर्यटकांच्या वर्दळीमुळे त्यासाठी योग्य नव्हे. हात बसल्यावर सकाळी कमी रहदारीच्या वेळी जिंतूरच्या रस्त्यावर यावे. चढावर थांबून गाडी मागे न घसरता पुढे नेणे हा चाचणीचाच भाग असल्याने चढउतारांचा उपयोग करून घ्यावा. पावसाळ्यात काळी माती चाकांबरोबर डांबरावर येते आणि पहिल्या सरींत रस्ता साबणासारखा निसरडा होतो. रस्त्याकडेच्या ओल्या मातीत उतरलेले चाक सहजी वर येत नाही. कापूस व सोयाबीनच्या हंगामात अंधार पडल्यावर दिवे नसलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या समोर येतात. म्हणून रात्रीचा सराव सर्वांत शेवटी आणि जाणत्या माणसासोबतच ठेवावा.

प्रशिक्षणशाळेत जायचे झाल्यास प्रत्यक्ष चालवण्यास किती तास मिळतील, हे शुल्काआधी विचारावे. २०२१ पासून लागू झालेल्या योजनेतील अधिस्वीकृत केंद्रांत हलक्या वाहनासाठी ४ आठवड्यांत २९ तासांचा अभ्यासक्रम आहे. त्यांपैकी २१ तास प्रात्यक्षिकाचे असतात.

चाचणी

ज्या प्रकारच्या वाहनासाठी अर्ज असेल, त्याच प्रकारचे वाहन चाचणीस न्यावे लागते. त्याची नोंदणी, विमा व प्रदूषण प्रमाणपत्र वैध असल्याची खात्री आदल्या दिवशीच करावी. अनुत्तीर्ण उमेदवारास ७ दिवसांनी पुन्हा संधी मिळते. मात्र तीनदा अपयश आल्यास शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावे लागते.