हाफ क्लचची किंमत

ताडोबातला वाघ रस्त्याने निवांत चालू लागला की त्याच्या मागे जिप्सीलाही तसेच सरकावे लागते. पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला पाय न लावताही, जिप्सी ताशी पाचेक किलोमीटर जाते. वाघाला एवढीही घाई नसते. मग ड्रायव्हर क्लच अर्धा दाबून धरतो. याला आपल्याकडे ‘हाफ क्लच’ म्हणतात, आणि निम्म्या गॅरेजवाल्यांचे पोट त्यावर चालते.

मारुतीने १९८५ मध्ये आणलेल्या या गाडीचे बुकिंग सामान्य ग्राहकांसाठी २०१८ च्या अखेरीस थांबले. म्हणजे आज जंगलात, शेतघरांवर किंवा लष्कराच्या लिलावातून घेऊन हौसेने फिरवल्या जाणाऱ्या जिप्सी वयस्कर आहेत. त्यांचा क्लच आज ना उद्या जाणारच. तो किती किलोमीटरला जातो, या प्रश्नाला मात्र अर्थ नाही. क्लच किलोमीटरने मरत नाही, उष्णतेने मरतो.

रचना साधी आहे. इंजिनाच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील हे बिडाचे जड चाक. त्यावर बोल्टने बसवलेली प्रेशर प्लेट. दोहोंच्या मध्ये क्लच प्लेट, जिच्या दोन्ही अंगांना अस्तर असते आणि मधल्या खाचांत गिअरबॉक्सचा शाफ्ट शिरतो. पेडल मोकळे असताना प्रेशर प्लेटमधली पोलादी स्प्रिंग या प्लेटला फ्लायव्हीलवर करकचून दाबते आणि सगळे एकत्र फिरते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग स्प्रिंगच्या बोटांना रेटते, दाब सुटतो, प्लेट मोकळी होते.

क्लच किती टॉर्क पेलेल हे एका गुणाकाराने कळते: स्प्रिंगचा दाब, घर्षणांक, अस्तराची सरासरी त्रिज्या आणि बाजू दोन. नमुन्यादाखल ३,००० न्यूटन, ०.३, आठ सेंटिमीटर आणि दोन धरले तर उत्तर येते १४४ न्यूटन-मीटर. जिप्सीचे १.३ लिटरचे एमपीएफआय इंजिन जास्तीत जास्त १०३ न्यूटन-मीटर देते, म्हणजे हाताशी चांगली राखीव ताकद उरते. गंमत अशी की या गुणाकारात क्षेत्रफळ कुठेच नाही. मोठी प्लेट घट्ट धरते ती तिची त्रिज्या मोठी म्हणून. क्षेत्रफळ लागते ते उष्णता पसरायला आणि झीज वाटून घ्यायला.

आता उष्णतेकडे. सपाट रस्त्यावर, इंजिनाच्या फेऱ्या स्थिर ठेवून क्लच सोडत गाडी हलवली, तर क्लच पूर्ण धरेपर्यंत इंजिनाने दिलेल्या ऊर्जेची बरोबर निम्मी गाडीच्या गतीत जाते आणि निम्मी क्लचमध्ये उष्णता होऊन बसते. किरकोळ अवरोध सोडले तर क्लच झटकन सोडा की सावकाश, ही वाटणी बदलत नाही. बदलते ती फेऱ्यांमुळे: फेऱ्या दुप्पट केल्या की उष्णता चौपट. माणसांसकट १,३०० किलोची जिप्सी २,००० फेऱ्यांवर पहिल्या गिअरमध्ये हलवली, तर दर वेळी साधारण साडेसात किलोज्यूल उष्णता निघते. एवढी उष्णता फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट हे बिडाचे दोन जड तुकडे सहज पचवतात.

चढावर हा हिशोब कोलमडतो. पाच मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर तीच गाडी, त्याच फेऱ्यांवर, ब्रेक न लावता नुसत्या हाफ क्लचवर उभी धरली, तर गाडी कुठेच जात नाही आणि इंजिन देते ते सगळे उष्णताच होते: जवळजवळ नऊ किलोवॉट. घरचे चार गिझर एकदम चालू करून त्या दोन तुकड्यांच्या मध्ये कोंडावेत, तसे. दहा सेकंदांत अकरा-बारा वेळा गाडी हलवण्याइतकी उष्णता तिथे जमते. घाटात ट्रकमागे अडकलेल्या गाडीतून करपल्याचा वास येतो तो अस्तरातल्या रेझिनचा.

फोर बाय फोर गाडीचा क्लच आणखी एका कारणाने मार खातो. चिखलात दोनच चाकांना जोर असला तर चाके जागेवर फिरतात. गाडी रुतते, पण क्लच वाचतो. चारही चाकांनी जमीन धरली की फिरायला जागा उरत नाही आणि घसरण्याची पाळी क्लचवर येते. उपाय गाडीतच दिलेला असतो, तो म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसचा लो गिअर. जिप्सी किंग या मॉडेलमध्ये हाय गिअरचे गुणोत्तर १.४०९, लोचे २.२६८. त्यामुळे क्लच धरतो तेव्हाचा गाडीचा वेग १.६ पटीने कमी असतो आणि सपाटीवरची उष्णता, वर्गाच्या हिशोबाने, सुमारे अडीच पटीने कमी. पहिल्या लो गिअरमध्ये पेडल पूर्ण सोडून जिप्सी ताशी तीनेक किलोमीटरने आपसूक जाते. कच्च्या रस्त्यावर वाघामागे जायला एवढे पुरे. डांबरावर मात्र लो नको, कारण तो लावला की फोर-व्हीलही लागते, आणि पुढच्या-मागच्या चाकांना वळणावर वेगवेगळे फिरायची मुभा उरत नाही.

क्लच घसरतो आहे हे तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये चढावर कळते: आवाज वाढतो, वेग वाढत नाही. पण एवढ्यावर गिअरबॉक्स उतरवू नये. अस्तर झिजले की प्रेशर प्लेट इंजिनाकडे सरकते आणि स्प्रिंगची बोटे उलट दिशेला, रिलीज बेअरिंगकडे येतात. पेडलचा मोकळा प्रवास त्यामुळे कमी कमी होत जातो. तो संपला की बेअरिंग कायम रेटलेले राहते आणि धडधाकट क्लचही घसरू लागतो. आधी केबल सैल करून पाहावी. जिप्सीतली चकतीच्या आकाराची डायफ्रॅम स्प्रिंग फसवीही असते: अस्तर झिजताना तिचा दाब सुरुवातीला थोडा वाढतो आणि मग उतरतो. जुन्या जीपमधल्या गुंडाळीच्या स्प्रिंगा झिजेबरोबर सरळ सैल पडत जायच्या. डायफ्रॅमवाला क्लच कालपर्यंत ठणठणीत असतो आणि आज घाटात मान टाकतो.

जिप्सीचा क्लच अंगणात बदलता येतो तो तिच्या एका खाशा रचनेमुळे. बहुतेक जुन्या जीपमध्ये गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकमेकांना जोडलेले एकच धूड असते, आणि ते छातीवर घेण्याच्या भानगडीत घरी पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. जिप्सीत ट्रान्सफर केस वेगळा, स्वतःच्या रबरी आधारांवर लटकलेला असतो आणि एक आखूड शाफ्ट दोघांना जोडतो. तो शाफ्ट काढला की मागे जागा होते आणि एकटा गिअरबॉक्स उतरतो. बॅटरीची तार, केबिनमधून गिअरचा दांडा, स्टार्टर, क्लच केबल, रिव्हर्सच्या स्विचची वायर हे सगळे त्याआधी सुटलेले हवे. शाफ्टच्या जोडावर रंगाची खूण करून ठेवावी, म्हणजे तो पुन्हा त्याच जागी बसतो. इंजिनाला खालून आधार द्यावा. गाडी जॅकस्टँडवर आणि टणक जमिनीवर असावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणाऱ्याला क्लचचे शास्त्र सांगून उपयोग नाही.

बेल हाउसिंग, म्हणजे क्लचवरचे आवरण, उघडले की आत काळी धूळ दिसेल. गॅरेजमध्ये ती सर्रास हवेच्या पाइपने उडवतात. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस वापरत असत आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की परत येत नाहीत. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावे.

मग जुने भाग निवांत पाहावेत. अस्तर रिव्हेटांच्या डोक्यापर्यंत एकसारखे झिजले असेल तर ते नैसर्गिक मरण. अस्तर जाड आहे पण तेलकट, तर गुन्हेगार ऑइल सील: काळे तेल असेल तर इंजिनाचा मागचा सील, गंधकाचा उग्र वास असेल तर गिअरबॉक्सचा. सील न बदलता नवी प्लेट घालणे म्हणजे तीही बुडवणे. फ्लायव्हीलवर निळे डाग दिसले तर तिथला पृष्ठभाग ३०० अंशांच्या आसपास जाऊन आला. निळा रंग तापून आलेल्या ऑक्साइडच्या थराच्या जाडीमुळे दिसतो. काही ठिपके याहून कितीतरी जास्त तापतात आणि भोवतालचे थंड बीड त्यांची उष्णता इतक्या झपाट्याने शोषते की तिथे मार्टेन्साइट तयार होते, कानसही चालू नये इतके कठीण. असे फ्लायव्हील लेथवाल्याकडे ग्राइंडिंगला द्यावे, नाहीतर नवा क्लच पहिल्या दिवसापासून थरथरतो. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदलावीत. यातला एखादा भाग वाचवून पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्यात कसली काटकसर?

बसवताना खरी कसोटी मध्य साधण्याची. प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळेपर्यंत क्लच प्लेट अधांतरी असते, आणि आवळल्यावर ती एक-दोन मिलिमीटर जरी बाजूला राहिली तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट खाचांतून पुढच्या पायलट बेअरिंगमध्ये जात नाही. त्यासाठी मध्य साधणारी दांडी मिळते. भंगारातल्या गिअरबॉक्सचा शाफ्ट त्याहून सरस. क्लच प्लेटच्या मधल्या छोट्या स्प्रिंगांचा फुगवटा गिअरबॉक्सकडे आणि खाचांना ग्रीस अगदी नखभर, कारण जास्तीचे ग्रीस फिरताना उडून अस्तरावरच जाते. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत, नाहीतर प्रेशर प्लेट वाकडी होते. गिअरबॉक्स आत जात नसेल तर त्याचे बोल्ट आवळून त्याला ओढू नये, आणि त्याचा भार शाफ्टवर क्षणभरही लोंबकळू देऊ नये. प्लेटचा मधला भाग त्या भाराने वाकतो, मग पेडल तळाला नेले तरी क्लच सुटत नाही, गिअर खरखरतात, आणि सगळे पुन्हा उतरवावे लागते.

शेवटी केबल. पेडलचा मोकळा प्रवास दोन-तीन सेंटिमीटर ठेवावा आणि काही शे किलोमीटर झाल्यावर पुन्हा मोजावा. नवे अस्तर सुरुवातीला फक्त उंचवट्यांवर टेकते. ते घासून सपाट होताना प्लेट किंचित बारीक होते, बोटे बेअरिंगकडे सरकतात आणि केबलचा नट एक-दोन आटे सैल करावा लागतो.