पडण्याची विद्या

चित्रपटातील मारामारी पाहून आलेली मुले दुसऱ्या दिवशी अंगणात तोच खेळ मांडतात, हे दृश्य आमच्या वाचकांच्या परिचयाचे आहे. नायक कोणी व्हावयाचे यावरून त्यांची भांडणे जुंपतात. खलनायक होण्यास मात्र कोणी राजी नसतो, आणि अखेर ते काम सर्वांत धाकट्याच्या गळ्यात पडते. रिचर्ड नॉर्टन या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी हे कोणालाच नको असलेले काम आपखुशीने पत्करले आणि चाळीसांहून अधिक वर्षे प्रामाणिकपणे केले. त्यांचा दुसरा व्यवसाय अंगरक्षकाचा. एका व्यवसायात सर्वांदेखत मार खावयाचा, आणि दुसऱ्यात कोणाच्या नजरेसही पडावयाचे नाही! हा विरोध आम्हांस मोठा कुतूहलाचा वाटला, म्हणून ही हकिकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नॉर्टन यांचा जन्म १९५० सालच्या जानेवारी महिन्यात, ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात झाला. अकरा वर्षांचे असताना ते ज्यूदो ही जपानी कुस्ती शिकू लागले. ज्यूदोच्या आखाड्यात नवख्या मुलास पहिला धडा दिला जातो तो दुसऱ्याला पाडण्याचा नव्हे, तर स्वतः पडण्याचा. हनुवटी छातीशी घ्यावयाची, पाठ गोल करावयाची आणि जमिनीस टेकता टेकता पसरलेल्या हाताने चटईवर थाप मारावयाची, म्हणजे आघात एका जागी न बसता अंगभर विभागला जातो. ही थाप साधली नाही, तर पुढचा डाव शिकवण्यात अर्थच नसतो. पुढील आयुष्यात नॉर्टन यांनी जी भाकरी मिळवली, तिचे पीठ या पहिल्या धड्यातच मळले गेले होते असे आम्हांस वाटते.

ज्यूदोमागून कराटे आले. १९७० साली बॉब जोन्स या सहकाऱ्याबरोबर त्यांनी मेलबर्न येथे ‘झेन डो काय’ नावाची शाखा सुरू केली. प्रत्येक विद्येतील उपयोगी पडेल ते घ्यावे, उरलेले नम्रपणे बाजूस ठेवावे, असा तिचा परिपाठ. शिकवण्याच्या जोडीला दोघे मेलबर्नमधील रात्रीच्या करमणुकीच्या ठिकाणी दारावर उभे राहत. दारू प्यालेल्या माणसास न मारता बाहेर कसे न्यावे, हे जेथे शिकता येते अशी ती शाळा होती.

याच सुमारास इंग्लंडमधील ‘रोलिंग स्टोन्स’ या गायकवादकांच्या ताफ्याचे नाव जगभर गाजत होते, आणि त्या नावाला एक काळा डागही लागला होता. १९६९ सालच्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातील आल्टामाँट येथे त्यांचा खुला कार्यक्रम झाला. तेथे रंगमंचाभोवती बंदोबस्तास मोटारसायकलवाल्यांची एक दांडगी टोळी होती. गर्दी अनावर झाली, हाणामारी जुंपली आणि गाणे चालू असतानाच एका तरुणास त्या टोळीतील इसमाने भोसकून ठार केले. ज्यांनी राखावयाचे त्यांच्याच हातून रक्त सांडले. १९७३ च्या फेब्रुवारीत हाच ताफा ऑस्ट्रेलियात आला, तेव्हा त्यांच्या रक्षणासाठी जी माणसे उभी राहिली त्यांत जोन्स आणि तेवीस वर्षांचे नॉर्टन होते.

पुढे या कामासाठी त्यांना मागणी येत गेली. स्वीडनच्या ‘ॲबा’ या चौकडीचा १९७७ सालचा ऑस्ट्रेलियातील दौरा म्हणजे जणू जत्राच होती. गायिका लिंडा रोनस्टॅट, स्टीव्ही निक्स, गायक जेम्स टेलर, डेव्हिड बोवी अशा कित्येकांच्या पाठीशी ते वावरले. हे काम बाहेरून दिसते त्याहून वेगळे आहे. अंगरक्षकाचे खरे श्रम कार्यक्रमाच्या आधीचे असतात: दारे कोणती, मोटार कोठे उभी राहील, दिवे गेले तर वाट कोणती. गर्दीत त्याची नजर लोकांच्या चेहऱ्यांपेक्षा हातांवर अधिक असते. प्रसंग ओढवलाच, तर हल्लेखोराशी झुंजत बसणे हे त्याचे काम नव्हे. मध्ये आपला देह घालावयाचा आणि ज्याचे रक्षण करावयाचे त्यास तेथून हलवावयाचे. संध्याकाळी सांगण्यासारखे काही घडले नाही, म्हणजे दिवस उत्तम गेला! अशा कामाची वाहवा कोण करणार?

१९७९ साली नॉर्टन अमेरिकेस गेले ते लिंडा रोनस्टॅट यांचे अंगरक्षक म्हणून. त्यानंतरच्याच वर्षी, डिसेंबर १९८० मध्ये, न्यूयॉर्क येथे जॉन लेनन या विख्यात गायकाचा त्यांच्या राहत्या इमारतीच्या दाराशी गोळ्या घालून खून झाला. मारेकऱ्याने त्याच दिवशी आधी त्यांची स्वाक्षरी घेतली होती. या घटनेशी नॉर्टन यांचा काही संबंध नव्हता. परंतु हातात स्वाक्षरीची वही घेऊन उभा असलेला प्रत्येक चाहता त्यानंतर अंगरक्षकांस कसा दिसू लागला असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

अमेरिकेत कराटेपटू आणि नट चक नॉरिस यांच्याशी त्यांची जुनी ओळख होतीच. त्यांच्या ‘द ऑक्टॅगॉन’ या १९८० सालच्या चित्रपटात नॉर्टन प्रथम पडद्यावर आले, आणि आले तेही तोंडावर बुरखा बांधून! जपानी गुप्त योद्ध्याची ती भूमिका होती. जन्मभर न दिसण्याची सवय लावून घेतलेल्या माणसास हा प्रवेश शोभला, असे म्हणावयास हरकत नाही.

खरी परीक्षा हाँगकाँगमध्ये झाली. १९८५ साली सॅमो हंग यांच्या ‘ट्विंकल ट्विंकल लकी स्टार्स’ या चित्रपटात त्यांनी मारेकऱ्याचे काम केले. अमेरिकेत लढतीची आधी तालीम होई, तेथे मात्र ती चित्रणाच्या जागीच रचीत. चार-पाच हालचाली ठरल्या की लगेच कॅमेरा सुरू; मनासारखे उतरेपर्यंत तेच पुन्हा पुन्हा. गुद्दे पुष्कळदा खरेच लागत. अंगात विद्या नसलेला नट तेथे अर्धा दिवस टिकता ना. ‘सिटी हंटर’ (१९९३) आणि मेलबर्न शहरीच चित्रित झालेला ‘मिस्टर नाइस गाय’ (१९९७) यांत ते जॅकी चॅन यांच्याविरुद्ध उभे राहिले. दुसऱ्या चित्रपटात हा खलनायक नायकाचे हात दोरीने बांधवून मग त्याला झोडपतो, आणि शेवटी त्याचा आलिशान वाडा खाणीतील अजस्र मालमोटारीखाली भुईसपाट होतो. हे चित्रपट कथेच्या दृष्टीने सामान्यच आहेत, आणि काही तर लहान मुलांस दाखवू नयेत असेच आमचे मत आहे. परंतु त्यांतील एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. नायकाचा तडाखा भारी वाटतो तो मारणाऱ्यामुळे नव्हे, खाणाऱ्यामुळे. पडणाऱ्याने क्षणभर आधी अंग सोडले तर लबाडी उघडी पडते. उशीर केला तर हाड मोडते. नॉर्टन ती वेळ साधीत. पडद्यावर त्यांच्याकडून मार खाणाऱ्यांनाही त्यांचा भरवसा वाटे, कारण या उंचपुऱ्या माणसाची मूठ ठरल्या जागी थांबे.

चाळिशीच्या सुमारास त्यांनी आणखी एक गोष्ट केली. कराटेतील मानाचा काळा पट्टा कमरेला असताना ते ब्राझीलच्या माशादो बंधूंकडे जिऊ-जित्सू शिकावयास गेले आणि पांढऱ्या पट्ट्यापासून आरंभ केला. या विद्येत लढत जमिनीवर होते, आणि ज्यास शरण जावयाचे तो हाताने थोपटून तसे कळवतो. ज्याला इतर लोक गुरुजी म्हणतात त्याने पुन्हा बिगरीत बसावे, हे कोणत्याही व्यवसायात सोपे नाही. त्यांनी पुढे तेथेही काळा पट्टा मिळवला.

उतारवयात लढती रचण्याचे आणि नटांना शिकवण्याचे काम त्यांच्याकडे आले. ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ (२०१५) या नामिबियाच्या वाळवंटात चित्रित झालेल्या चित्रपटात एक झुंज आहे. स्त्रीला एक हात नाही. पुरुषाच्या तोंडाला लोखंडी जाळी, आणि साखळीने तो एका बेशुद्ध माणसास जखडलेला. त्या साखळीचे ओझे आणि तो नसलेला हात लढतभर विसरले जात नाहीत. या चित्रपटातील लढती बसवणाऱ्यांत नॉर्टन होते, आणि जुलमी राजाचा सरदार म्हणून पडद्यावरही. त्यापुढील वर्षी ‘सुइसाइड स्क्वॉड’ या चित्रपटासाठी त्यांनी मार्गो रॉबी या नटीस लढतीचे शिक्षण दिले.

३० मार्च २०२५ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. आदल्याच वर्षी आलेल्या ‘फ्युरिओसा’ या चित्रपटावरही त्यांनी काम केले होते. लढती बसवणाऱ्यांची नावे चित्रपट संपल्यावर बारीक अक्षरांत वर सरकत जातात. त्या वेळी लोक खुर्च्यांवरून उठून आपल्या चपला शोधीत असतात.